बंधाऱ्यावरचा फोटो

साडू हे नातं मोठं चमत्कारिक आहे. भाऊ जन्मानं मिळतो, मित्र आपण निवडतो, सासरा निदान आधी बघून तरी घेतो. साडू मात्र बायकोच्या सामानाबरोबर आपोआप घरात येतो आणि मग जन्मभर त्याच्यासमोर सोफ्यावर बसून "बाकी काय विशेष?" असं विचारत राहावं लागतं. विशेष काही नसतंच. असलं तरी ते साडूला सांगण्यासारखं नसतं.

या गोष्टीत असे दोन साडू आहेत. घरात त्यांना थोरले आणि धाकटे म्हणत, आपणही तेच म्हणू. थोरले पाटबंधारे खात्यात होते. गावाबाहेरच्या बंधाऱ्याची दारं त्यांच्या ताब्यात. पाणी कधी सोडायचं आणि किती सोडायचं हे ते ठरवत. धाकटे विमा कंपनीच्या दावे विभागात होते. समोरच्या माणसाच्या म्हणण्यात खोट कुठे आहे ते शोधून काढणं हे त्यांचं काम, आणि हे काम ते संध्याकाळी कचेरीतून घरीही घेऊन येत.

एकदा तर ते काम त्यांनी थोरल्यांच्या घरी नेलं. थोरल्यांनी नव्या घरात हौसेनं भिंतभर कपाट करून घेतलं होतं आणि चार पाहुण्यांना ते दाखवत होते. धाकट्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्यातली सपाटी तपासायची पाणसळ सुरू केली, फळीवर ठेवली आणि म्हणाले, "दादा, डाव्या अंगाला उतरतंय." पाहुणे वाकून बघायला लागले. कपाट खरंच उतरत होतं. आपण खरं तेच बोललो, यात चुकलं काय, हे धाकट्यांना कधीच समजलं नाही. थोरले तेव्हा हसले, पण त्यानंतर त्या घरून "या ना एकदा" असा फोन येणं बंद झालं. दोघी बहिणी आपापल्या स्वयंपाकघरातून हळू आवाजात बोलत. धाकट्यांच्या बायकोच्या मनात एकच होतं, की ही दोन घरं पुन्हा एक व्हावीत. ताईकडे उठून जाता यावं, कुणाची तोंडं न बघता तासभर बसता यावं. एवढंच तिचं मागणं होतं.

धाकट्यांच्या मनात मात्र धबधबा होता.

तो त्यांच्या मनात शिरला दाढेवाटे. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या दवाखान्यात ते गाल धरून बसले होते, तेव्हा समोर एक कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर धबधबा. पण पाणी नेहमीसारखं उडत, फुटत नव्हतं. कुणी धुतलेलं तलम पातळ दगडांवर वाळत घालावं तसं ते खाली आलं होतं. धाकटे दाढ विसरले. दंतवैद्यानं सांगितलं, "यात जादू काही नाही. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात वाहिलेलं सगळं पाणी एकावर एक बसतं आणि असं मऊ दिसतं. आ करा."

आ केलेल्या अवस्थेतच धाकट्यांनी निश्चय केला. कचेरीत त्यांना बढती मिळाली नव्हती, सोसायटीच्या कमिटीत कुणी घेतलं नव्हतं, मुलगा परगावी शिकायला गेल्यापासून घरातही त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं. माणसाच्या हातून निदान एक तरी वाखाणण्यासारखी गोष्ट व्हावी, हा विचार वाईट नाही. तो दंतवैद्याच्या खुर्चीत येतो तेव्हा मात्र जपून राहावं.

सुरुवात न्हाणीघरातल्या नळापासून झाली. तिपाई बादलीत उभी केली, कॅमेरा तिच्यावर चढवला, नळ पूर्ण सोडला. फोटोत नळ स्वच्छ आला आणि त्याखाली काचेची एक कांडी आली. बायको म्हणाली, "नळ गोठलाय का?" तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर झाले. टाकी तळाला गेली होती आणि वरच्या मजल्यावर भूगोलाच्या निवृत्त बाई डोक्याला साबण लावून उभ्या होत्या. धाकट्यांनी सेक्रेटरींना कलेबद्दल चार शब्द सांगायचा प्रयत्न केला. सेक्रेटरी म्हणाले, "कला करा, पण बादलीभर करा."

मग बाग झाली. बागेत कारंजं होतं. तिथे रखवालदारानं कॅमेरा चालू दिला, माणूस चालू दिला, पण तिपाई चालू देईना. पाटीवर 'सायकल, कुत्रा व फेरीवाले यांना मनाई' असं होतं. धाकट्यांनी विचारलं, "तिपाई यातलं काय आहे?" रखवालदारानं विचार केला आणि म्हणाला, "पाय आहेत ना? मग कुत्र्यात धरू." शेवटी रखवालदार पलीकडच्या फाटकाशी गेला की उभारायची आणि आला की मिटायची, असं करून त्यांनी फोटो काढले. ते सगळे पांढरेफटक आले. उन्हात शटर उघडं ठेवलं की उजेड मावत नाही, हे दंतवैद्यानं सांगितलंच नव्हतं.

"काळी काच लावावी लागते पुढे," दंतवैद्य नंतर म्हणाला, "पण काचच कशाला? एक्स-रेची फिल्म लावा. लोक ग्रहण नाही का बघत तिच्यातून?" आणि ड्रॉवरमधून एक फिल्म काढून दिली. ती लावून काढलेला कारंज्याचा फोटो खरोखर सुंदर आला. उजेड बेताचा, पाणी रेशमासारखं. फक्त वर आभाळात, ढग असावा तिथे, दोन मुळांची एक भलीमोठी दाढ तरंगत होती. भूगोलाच्या बाईंनी फोटो हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "ही किडलेली आहे." ती सेक्रेटरींची निघाली. ही गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, आणि त्या आठवड्यात सेक्रेटरी जिन्यात तोंड मिटूनच चालत होते. यानंतर कमिटीत शिरायची उरलीसुरली आशाही धाकट्यांनी सोडून दिली.

शेवटी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून डोळ्यांपुढे धरतात ती काळी काच आणली. तिच्यातून सगळं हिरवं येई. झाडं हिरवी हे ठीक, पण आभाळही हिरवं, आणि मध्येच दिसणारी बायकोही हिरवी. धाकट्यांनी जाहीर केलं की खरी कला ही काळ्या-पांढऱ्यातच असते, आणि प्रश्न मिटवला. आता कमी होती फक्त पाण्याची. नळ बंद, बाग बंद. वाहतं पाणी राहिलं एकाच ठिकाणी, ते म्हणजे बंधाऱ्यावर. तिथे मोठी पाटी होती की पूर्वपरवानगीशिवाय छायाचित्रण करू नये.

धाकटे सरळ मार्गानं जाणारे. ते पाटबंधारे खात्याच्या मुख्य कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं चष्म्याच्या वरून बघितलं.

"फोटो की चित्रीकरण?"

"फोटो. एकच."

"किती वेळ चालणार?"

"अर्धा मिनिट."

"म्हणजे चित्रीकरण झालं. फोटो क्षणात होतो."

"हा क्षणात होत नाही. यात शटर अर्धा मिनिट उघडं ठेवायचं असतं."

"कुठल्या दुकानाचं?"

"दुकानाचं नाही हो. कॅमेऱ्याचं."

"कॅमेरा अर्धा मिनिट चालू राहणार ना? मग चित्रीकरण. त्याला कथानक जोडावं लागतं आणि कलाकारांची नावं."

"कलाकार कोणीच नाहीत. फक्त पाणी आहे."

"पाण्याची संमती लागणार नाही," कारकून समजुतीनं म्हणाला, "पाणी खात्याचंच आहे. पण कथानक लागेल."

धाकटे तावातावानं बोलले, मग घसा बसल्यावर शांत झाले. कारकुनाला त्यांची दया आली असावी. तो म्हणाला, "कशाला लफडी करताय? बंधाऱ्यावरचे अधीक्षक तोंडी हो म्हणाले की झालं. तुम्ही सांगाल तेव्हा पाणीही सोडतील. पण लवकर भेटा, या महिनाअखेर ते निवृत्त होतायत. त्यानंतर दारं विजेवर चालणार, कंत्राटदाराकडे जाणार. मग तिथे माणूसच नसणार."

ते अधीक्षक म्हणजे थोरले, हे आता वेगळं सांगायला नको.

धाकटे दोन दिवस मुकाट जेवले. ज्या माणसाच्या कपाटाला आपण पाणसळ लावली त्याच्याकडे पाणी मागायला जायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला बोलावलं आणि कचेरीतली टिपणी सांगावी तसं सांगितलं, "ताईंना फोन कर. एवढंच सांग, की ह्यांना बंधाऱ्याचा फोटो काढायचाय. बाकी गोडगोड काही बोलू नकोस. मी कुणाच्या पाया पडत नाहीये."

बायकोनं आत जाऊन दार लोटून घेतलं. धाकट्यांना बाहेर नुसतं हसू ऐकू आलं. आत काय बोलणं झालं ते त्यांना फार उशिरा कळलं. आपल्याला आत्ताच कळायला हरकत नाही. बायको म्हणाली होती, "ताई, ह्यांना भाऊजींचा बंधाऱ्यावरचा फोटो काढायचाय. निवृत्त व्हायच्या आधी. स्वतःहून म्हणाले."

हे शब्द तिनं ठरवून फिरवले, की बोलता बोलता जिभेवर तसेच आले, ते तिचं तिलाही नीट सांगता येत नाही. पण ताई पलीकडून भरल्या आवाजात म्हणाली, "अगं, इतकी वर्षं झाली तिथे, पण ह्यांचा एक फोटो नाही त्या बंधाऱ्यावर. नेहमी दुसऱ्यांचे पाहुणे येतात, हेच त्यांचे फोटो काढून देतात." झालं. आता मागे घेणं शक्य नव्हतं. नवऱ्याला आधी सांगून ठेवावं असं तिला वाटलं, पण ते त्या दिवसांत काळी काच पुसत बसलेले असत आणि मध्ये बोललं की वसकन अंगावर येत. तिनं विचार केला, सांगायचं तरी कशाला? माणूस डोळ्यांपुढे येऊन उभा राहिल्यावर त्याचा फोटो कोण काढणार नाही?

रविवारी सकाळी चौघं बंधाऱ्यावर जमले. थोरले कोट घालून आले होते. केस नुकतेच रंगवलेले, मिशीला कात्री लागलेली, डोक्यावर खात्याची टोपी. धाकट्यांना वाटलं, कुणा वरिष्ठाची भेट असेल. थोरले भरभर पुढे आले आणि एवढ्या वर्षांत कधी नव्हे ते धाकट्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "ये रे, ये. तू म्हणशील तेवढं पाणी सोडतो आज. सांग, किती सोडू?"

तू! धाकटे चपापले. मोठा भाऊ नसलेल्या माणसाला वयाच्या या टप्प्यावर कुणी एकदम 'ये रे' म्हटलं की आत काहीतरी हलतं. ते काय हे बघायला त्यांना सवड नव्हती, कारण ऊन चढत होतं आणि तिपाईचा एक पाय चिखलात रुतत होता. पण बरं वाटलं, हे खरं. बायकोनं ते ऐकलं आणि ताईचा हात दाबला.

थोरल्यांनी चाक फिरवून दार उचललं. पाणी घोंगावत खाली कोसळलं. धाकट्यांनी खालच्या काठावरून कॅमेऱ्यात डोळा घातला आणि त्यांचं भान हरपलं. दगड, फेस, वर बंधाऱ्याची सरळ रेघ, मागे डोंगर. आणि रेघेच्या बरोबर मधोमध, चाकावर एक हात ठेवून, छाती काढून, कोट घातलेले थोरले.

आता काय करावं? बाजूला व्हा म्हणावं तर पाणी त्यांच्याच हातात. न म्हणावं तर रेशमी पाण्याच्या डोक्यावर कोटातला अधीक्षक. आणि इथे धाकट्यांना दंतवैद्यानं सांगितलेली एक गोष्ट आठवली. शटर बराच वेळ उघडं असलं की जे स्थिर आहे तेच उमटतं; चालता माणूस एका जागी टिकत नाही, म्हणून फोटोत येतच नाही. भर बाजारातली गर्दीसुद्धा अशी नाहीशी करता येते. धाकट्यांना आपल्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की ते स्वतःशीच हसले.

"दादा," त्यांनी हात तोंडाशी धरून ओरडून सांगितलं, "उभे राहू नका. चालत राहा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश. थांबू मात्र नका."

"चालताना काढणार?" थोरले खूश झाले. "वा! नैसर्गिक येईल!"

आणि ते चालू लागले. पोट आत घेऊन, हात पाठीशी बांधून, मध्येच डोंगराकडे रोखून बघत, आपल्या राज्याची पाहणी केल्यासारखे ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. परत गेले, परत आले. कधी ढग आला, कधी तिपाई कलली, कधी धाकट्यांनी काच लावायचीच राहून गेली. प्रत्येक वेळी ते ओरडत, "दादा, अजून एकदा!" आणि थोरले तिकडून हात हलवून "हो!" म्हणत आणि निघत. थोरल्यांचे गुडघे दुखत. हे ताईला माहीत होतं, धाकट्यांच्या बायकोला माहीत होतं. कपाटाची फळी कुठे उतरते हे एका नजरेत ओळखणाऱ्या धाकट्यांना मात्र साडू एका पायावर उतरतायत हे दिसलं नाही. ताई म्हणाली, "बसा हो जरा," तर थोरले म्हणाले, "थांबायचं नाही म्हणालाय तो."

एकदा मात्र ते थांबले. कठड्याला धरून दम खात उभे राहिले. त्या फोटोत रेघेवर एक पुसट माणूस उमटला. टोपी ओळखू येत होती, कोटाचा आकार ओळखू येत होता. धाकट्यांनी तो बघितला, तोंड वाकडं केलं आणि तिथल्या तिथे पुसून टाकला.

शेवटचा फोटो मनासारखा आला. पाणी दुधासारखं, बंधारा मोकळा, माणसाचा मागमूस नाही. धाकट्यांनी कॅमेरा छातीशी धरला. "जमलं!" ते ओरडले. थोरले वरून लंगडत उतरले, घामानं टोपीची कड ओली झालेली, आणि म्हणाले, "बघू दे की मला."

"आत्ता नको. मोठा करून देतो, फ्रेममध्ये. तुमच्या निरोपसमारंभाला." हे धाकटे मनापासून बोलले. त्या दिवशी त्यांना साडू खरोखर आवडला होता. आपण त्याला आपल्या आयुष्यातली पहिली वाखाणण्यासारखी गोष्ट देणार आहोत, याहून जास्त कुणी कुणाला काय द्यायचं?

परत येताना बायको गाडीत गाणं गुणगुणत होती. "भाऊजी छान आलेत ना हो फोटोत?" तिनं विचारलं. धाकटे तेव्हा फ्रेम काळी करावी की लाकडी या विचारात होते. "सगळं छान आलंय," ते म्हणाले. एवढ्या एका वाक्यावर ती समारंभापर्यंत निश्चिंत राहिली.

फोटो मोठा झाला, फ्रेम झाली आणि फ्रेमवाल्याकडून कागदात गुंडाळून थेट गाडीत गेली. इमारतीत फक्त भूगोलाच्या बाईंना मोबाइलवर बघायला मिळाला. त्या म्हणाल्या, "सुंदर आहे. पण कुणी राहतं की नाही त्या बाजूला?" धाकट्यांना हा शेरा अरसिकपणाचा वाटला.

समारंभ खात्याच्या सभागृहात होता. खुर्च्या भरलेल्या, पंखे फिरत असलेले, भाषणं एकामागून एक. ताईनं आल्या-गेल्याला सांगून ठेवलं होतं, "आमच्या धाकट्यांनी ह्यांचा बंधाऱ्यावरचा फोटो काढलाय. काय चालायला लावलंय ह्यांना त्या दिवशी!" धाकट्यांनी हे ऐकलं आणि त्यांना कुठेतरी खटकलं, पण तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि ते टाय सारखा करत व्यासपीठावर गेले.

मुख्य अभियंत्यांनी कागद फाडला. टाळ्या पडल्या, पण मग त्या मध्येच कमी झाल्या. पहिल्या रांगेतली माणसं पुढे वाकून बघायला लागली. थोरल्यांनी खिशातून चष्मा काढला, रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि फोटोच्या अगदी जवळ गेले. ते डावीकडून बघायला लागले. बंधाऱ्याच्या रेघेवरून त्यांचं बोट सावकाश सरकत गेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथून परत आलं. चाकापाशी जरा थांबलं. तिथेही कुणी नव्हतं.

धाकट्यांनी खाली बायकोकडे बघितलं. बायको पांढरीफटक पडली होती, आणि तिच्या शेजारी ताई अजून हसऱ्या चेहऱ्यानंच बसली होती, कारण एवढ्या लांबून तिला नीट दिसत नव्हतं. त्या दोन चेहऱ्यांकडे बघताना धाकट्यांना सगळं एकदम कळलं. कोट कळला, टोपी कळली, 'ये रे' कळलं. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात ते का, हेही कळलं.

"साहेब, यात तुम्ही कुठे आहात?" मागून कुणीतरी विचारलं.

थोरले माइककडे वळले. "मीच सांगितलं होतं," ते म्हणाले, "की माझं थोबाड नको, फ्रेमची काच तडकेल. म्हटलं, बंधाऱ्याचा काढ. बंधारा देखणा आहे." सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या, या वेळी मनापासून. मुख्य अभियंते म्हणाले, धुकं फार छान आलंय. धाकट्यांच्या आयुष्यातला पहिला जाहीर सत्कार असा पार पडला. त्यातली एकही टाळी त्यांना घरी नेता आली नाही.

समारंभ संपल्यावर थोरले बाहेर व्हरांड्यात पाणी पीत उभे होते. धाकटे जवळ गेले. थोरल्यांनीच पेला खाली ठेवला.

"एक विचारू का रे?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला चालायला का सांगितलंस?"

धाकट्यांनी सांगायला सुरुवात केली. शटर सांगितलं, उजेड सांगितला, काळी काच सांगितली. माणूस घाबरला की त्याला माहीत असलेलं सगळं सांगत सुटतो. थोरल्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं. त्यांचाही जन्म यंत्रांत गेला होता.

"म्हणजे चालता माणूस त्यात येत नाही."

"नाही येत."

"आणि हे तुला आधी ठाऊक होतं."

धाकट्यांनी मान खाली घातली. मला वाटलं नव्हतं की तुम्हाला तुमचा फोटो हवाय, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि ते खरंही होतं. पण खरं आहे म्हणून बोलून दाखवावं असं पहिल्यांदाच त्यांना वाटलं नाही. थोरल्यांनी हं केलं, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "असो. गुडघ्यांना व्यायाम झाला." मग ते आत गेले.

त्या रात्री घरी बायको रागावली नाही. शब्द आपणच फिरवले होते हे तिनं कबूल केलं आणि रडली. त्यावर धाकट्यांना तिच्यावर खेकसता आलं असतं. दावा सरळ होता, चूक अर्जदाराची होती. पण तिच्या चुकीनं साडू कोट घालून आले होते आणि आपल्या हुशारीनं ते पुसले गेले, हा फरक त्यांच्यासारख्या माणसाला कळण्याजोगा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी स्वतः फोन केला. "दादा, चला ना बंधाऱ्यावर. साधा फोटो काढतो. एका क्षणात होईल."

"आता कशाला?" थोरले पलीकडून म्हणाले. "किल्ल्या देऊन आलो मी. आता तिथे पाहुण्यासारखं जाऊन उभं राहायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. धाकट्यांनी त्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, पुन्हा पुन्हा विचारून बघितलं. मग चाकाच्या जागी मोटर बसली आणि विचारण्यासारखं काही उरलं नाही. पुसून टाकलेला तो पुसट फोटो परत मिळतो का, म्हणून ते कॅमेरा घेऊन दुकानोदुकानी फिरले. त्या जागेवर नंतरचे फोटो बसलेत, आता मिळणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. तिपाई त्यांनी माळ्यावर टाकली.

बायकोचं म्हणाल तर तिचं मागणं पुरं झालं. दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू झालं. दोघी बहिणी आत तासन्‌तास बोलत बसतात. थोरल्यांनी तो फोटो बैठकीच्या खोलीत लावलाय, आल्या-गेल्याला आवर्जून दाखवतात. "आमच्या साडूंनी काढलाय. मोठे कलाकार आहेत ते," असं म्हणतात, आणि त्यात टोमणा शोधायचा म्हटलं तरी सापडत नाही. धाकटे त्या फोटोकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसतात.

परवा असेच ते बसले असताना थोरले स्वतः चहाचा ट्रे घेऊन आले. एक कप पुढे करत म्हणाले, "घ्या. तुम्ही साखर किती घेता?"

धाकट्यांना राहवलं नाही. "दादा," ते म्हणाले, "मला तू म्हणा ना. त्या दिवशी म्हणत होतात तसं."

थोरले अगदी प्रेमानं हसले. "छे छे, असं कसं?" ते म्हणाले. "तुम्ही साखर सांगा."